राखीव अर्धा तास

सप्टेंबर २०२३. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी मुंबईहून चिपीच्या विमानात बसले होते. स्वीडनमधून नऊ दिवसांची रजा काढून आले होते, त्यातले दोन प्रवासातच गेले होते. खिडकीतून आधी समुद्र दिसला, मग माडांचे शेंडे, आणि आता चाकं टेकणार असं वाटत असतानाच बाहेर सगळं पांढरं झालं. इंजिनांचा आवाज एकदम वाढला, पोटात गोळा आला आणि विमान पुन्हा वर चढलं. पाऊस ओसरेपर्यंत आपण समुद्रावर घिरट्या घालणार आहोत, अशी घोषणा झाली.

माझ्या शेजारी पिंगुळीचे एक काका होते. मांडीवर मिठाईचा खोका, खोक्यावर दोन्ही हात. पाच मिनिटं गप्प बसून त्यांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “पेट्रोल असा मा?”

मी हसले. “असा, काका. आसताच.”

हे मी धीर देण्यासाठी म्हणाले नव्हते, मला ते माहीत होतं. प्रवासी विमानात इंधन भरतात ते काही फक्त पोचण्यापुरतं नसतं. मुक्कामापर्यंतचं, त्यावर थोडं चुकूनमाकून लागणारं, तिथे उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचं आणि या सगळ्याच्या वर आणखी अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं. हा शेवटचा अर्धा तास म्हणजे अंतिम राखीव साठा. तो वापरायचा नसतो. उतरताना त्याहून कमी उरणार असं दिसलं, तर वैमानिकाने सरळ आणीबाणी जाहीर करायची असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे प्रत्येक विमान रोज असं काही घेऊन उडतं, जे वापरायची वेळ कधी येऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा असते.

काकांना उत्तर देता देता मला कॉलेज आठवलं.

२०१८ साली, इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला, मी विजेवर चालणाऱ्या विमानांवर सेमिनार दिला होता. त्याच्या काही महिने आधी एअरबस, रोल्स-रॉइस आणि सीमेन्स यांनी ‘ई-फॅन एक्स’ची घोषणा केली होती. चार इंजिनांच्या एका जुन्या ब्रिटिश जेट विमानाचं एक इंजिन काढून तिथे दोन मेगावॅटची विद्युत मोटर बसवायची, अशी ती योजना. मी भारावून गेले होते. स्लाइडवर मी माझंही एक विमान काढलं होतं, पन्नास आसनांचं, पूर्ण बॅटरीवर चालणारं, मुंबई ते कोकण. मोटरची कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या वर, धूर नाही, आवाज कमी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “उतरता नाही आलं तर?”

“दुसऱ्या विमानतळावर जाईल, सर.”

“कशावर?”

वर्ग हसला, मीही हसले. मार्क चांगले मिळाले. पण त्या ‘कशावर’चं उत्तर मी दिलं नव्हतं, आणि चिपीच्या आभाळात, खाली बाबा गाडी घेऊन उभे असताना, ते मनातल्या मनात मांडायला मला पहिल्यांदाच निवांत वेळ मिळाला.

हिशेब तसा सोपा आहे. आम्ही बसलो होतो ते एटीआर ७२, सत्तरेक आसनांचं, पंख्याच्या इंजिनांचं विमान. घिरट्या घालताना ते तासाला साधारण सहाशे किलो इंधन खातं असं धरू. म्हणजे राखीव अर्ध्या तासाचं इंधन तीनशे किलो. दोनशे लिटरची दोन पिंपंही त्याने भरणार नाहीत. एक किलो विमान इंधनात सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या लाइटबिलातलंच. तीनशे किलोंमध्ये ३,६०० युनिट. इंजिन त्यातली बरीचशी उष्णता म्हणून वाया घालवतं आणि पंख्यापर्यंत जेमतेम तीस टक्के पोचते, म्हणजे सुमारे ११०० युनिट. मोटर काटकसरी, तिला बॅटरीतून १२०० युनिट पुरतील. इथवर वीजच जिंकते आहे असं वाटतं. पण विमानात बसवण्याजोगी बॅटरी, म्हणजे नुसते सेल नाहीत, तर थंड ठेवणारी यंत्रणा, आग पसरू न देणारी पेटी, वायरी, सगळं धरून, किलोमागे ०.२ युनिटच्या आसपास देते. १२०० ला ०.२ ने भागा. सहा हजार किलो. सहा टन.

पूर्ण भरलेल्या एटीआर ७२ चं उड्डाणाचं कमाल वजन २३ टन असतं. प्रवासी आणि त्याचं सामान मिळून शंभर किलो धरले, तर सहा टन म्हणजे साठ माणसं. वापरायचा नाही अशा अर्ध्या तासासाठी साठ माणसं खाली उतरवावी लागतील. आणि यात पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याची वीज धरलेलीच नाही, मुंबईहून इथवर येण्याची तर नाहीच नाही. वर इंधन जळतं तसं विमान हलकं होत जातं, बॅटरी मात्र रिकामी झाली तरी तेवढीच जड. भरलेली घागर आणि रिकामी घागर एकाच वजनाची असावी, तसं.

माझ्या स्लाइडवरच्या विमानात राखीव साठ्यासहित मी एकटी बसले असते, फार तर काका आणि त्यांचा मिठाईचा खोका.

माझं रोजचं काम बॅटरीशीच आहे, फक्त जमिनीवरच्या. स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये मी विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटरीचं सॉफ्टवेअर लिहिते. ते काय करतं, असं आई विचारते तेव्हा मी सांगते, “बॅटरीत किती उरलंय ते सांगतं.” तिला हे काम फार किरकोळ वाटतं, आणि तिचं चूक नाही. पेट्रोलच्या टाकीत एक फ्लोट तरंगत असतो, तो खाली गेला की काटा खाली. बॅटरीत तसं तरंगणारं काही नसतं. आत किती आहे हे मोजता येत नाही, अंदाज करावा लागतो. किती प्रवाह आत गेला, किती बाहेर आला, आत्ता व्होल्टेज किती, तापमान किती, बॅटरीचं वय किती, या सगळ्यावरून. काही प्रकारच्या सेलचं व्होल्टेज तर मधल्या टप्प्यात इतकं सपाट असतं, की पन्नास टक्के आणि साठ टक्के यांत फरक ओळखणं म्हणजे अंधारात पायरी चाचपणं. पडद्यावर ‘३७%’ असा ठाम आकडा दिसतो, त्यामागे आमच्यासारख्यांची बरीच धाकधूक असते.

गाडीत ती खपून जाते. शून्य दाखवल्यावरही थोडं दडवून ठेवलेलं असतं. तेही संपत आलं की अनेक गाड्यांमध्ये पडद्यावर छोटंसं कासव उमटतं आणि वेग आपोआप कमी होतो. मग माणूस रस्त्याच्या कडेला थांबतो, आमच्या नावाने बोटं मोडतो आणि टो-ट्रकला फोन लावतो. हवेत कडेला थांबता येत नाही, आणि कासव तर मुळीच परवडत नाही. त्या दिवशी चिपीला जे झालं ते आठवा. प्रवासाच्या अगदी शेवटी, टेकायच्या क्षणी, वैमानिकाला एकदम पूर्ण ताकद लागली. बॅटरी नेमकी उलट वागते. ती संपत येते तसं तिचं व्होल्टेज घसरतं आणि एका दमात जास्त ताकद मागितली तर आणखी बसतं. विमानाला सगळ्यात जास्त जोर हवा तेव्हा बॅटरी सगळ्यात थकलेली.

आणि ती म्हातारी होते. हे गणित मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा मला दोनदा तपासावं लागलं. समजा नव्या बॅटरीत शंभर युनिट मावतात. त्यातली साठ राखीव, चाळीस प्रवासासाठी. काही काळाने बॅटरीची क्षमता वीस टक्क्यांनी घटली. फोनमध्ये एवढी घट आपण सहज सोसतो. पण राखीव साठ्याला हात लावता येत नाही, तो साठच राहतो. सगळी घट प्रवासाच्या वाट्याला येते. चाळीसचे वीस होतात. बॅटरी पाचव्या हिश्शाने म्हातारी झाली आणि विमानाची झेप निम्मी झाली. इटलीच्या टेक्नाम कंपनीने ‘पी-व्होल्ट’ हे नऊ आसनांचं बॅटरीवरचं विमान २०२३ च्या जूनमध्ये बाजूला ठेवलं, त्याचं कारण याच कुळातलं होतं. रोजच्या वापरात काहीशे उड्डाणांनंतर अख्खी बॅटरी बदलावी लागेल, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. एखाद्या कंपनीने आपला हिशेब असा चारचौघांत मांडलेला मला फार आवडला होता.

गोथेनबर्गमध्ये मी राहते त्या हिसिंगेन बेटावर सेवे नावाचा एक छोटा विमानतळ आहे. २०१५ पासून तिथली प्रवासी वाहतूक बंद आहे. तिथेच हार्ट एअरोस्पेस ही कंपनी उभी राहिली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचं पहिलं विमान एकोणीस आसनांचं, पूर्ण बॅटरीवरचं, ४०० किलोमीटर जाणारं असणार होतं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या युनायटेड आणि मेसा या विमान कंपन्यांनी अटींसह दोनशे विमानांची मागणी नोंदवली. मी स्वीडनला आले तेव्हा इकडच्या कँटीनमध्ये हाच विषय असायचा. आणि मग सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीने आराखडा बदलला. एकोणीसऐवजी तीस आसनं. बॅटरीवर २०० किलोमीटर. आणि सोबत इंधनावर चालणारी दोन जनित्रं. त्यांच्या जोरावर ४०० किलोमीटर, आणि प्रवासी पंचवीस घेतले तर ८००.

माझ्या टीममधले बरेच जण हिरमुसले. “म्हणजे शेवटी इंजिन आलंच,” असा सूर होता. मला मात्र त्या आराखड्याचं नाव वाचून हायसं वाटलं. त्यांनी त्याला ‘रिझर्व्ह-हायब्रिड’ म्हटलं होतं. रोजचं छोटं उड्डाण बॅटरीवर. जनित्रं त्या अर्ध्या तासासाठी आणि दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या वाटेसाठी. म्हणजे सहा टनांच्या जागी तीनशे किलो इंधन आणि ते जाळणारं यंत्र. ज्या दिवशी सगळं नीट होईल, त्या दिवशी जनित्रं नुसतीच सोबत येतील. परीक्षकांच्या ‘कशावर’चं उत्तर इतकं सरळ होतं.

त्या रात्री मी घरी फोन केला. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. त्यांना मी उत्साहाने सगळं समजावून सांगितलं. जनित्र, राखीव साठा, दोनशे किलोमीटर, चारशे किलोमीटर. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, “म्हणजे स्टेपनी.”

“हो बाबा. स्टेपनीच.”

“मगे त्यात नवीन काय? स्टेपनी लागाची पाळी येव नये. पण ती नसताना गाडी भायर काढुची नाय.” आणि जरा थांबून, “एक सांग. त्या स्टेपनीत हवा कोण बघतला?”

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. मग लक्षात आलं की त्यांनी नेमकं बोट ठेवलंय. बाबा ड्यूटीवर चढताना चारी बाजूंनी गाडी बघायचे, आणि स्टेपनीला कधी न विसरता पायाने दाबून बघायचे. हवा नसलेली स्टेपनी ही स्टेपनी नव्हे, नुसतं ओझं, असं त्यांचं म्हणणं. जे यंत्र महिनोन्‌महिने चालवलंच नाही, ते पावसाच्या दिवशी हाक मारली की उठेल कशावरून? विमानशास्त्रातही ही मोठी चिंता असते, आतल्या आत झालेला आणि गरज पडेपर्यंत न कळणारा बिघाड. त्यामुळे राखीव यंत्र ठेवलं की काम संपत नाही. ते मधूनमधून चालवून बघावं लागतं, त्याची देखभाल करावी लागते, आणि त्याचा खर्च रोजच्या तिकिटात धरावा लागतो.

हायब्रिडची खरी अडचण ही आहे. दोन यंत्रणा म्हणजे दोन प्रकारचे तंत्रज्ञ, दोन प्रकारच्या चाचण्या, दोन्हींचं वजन. ‘ई-फॅन एक्स’, माझ्या सेमिनारचं ते दैवत, एप्रिल २०२० मध्ये न उडताच बंद झालं. प्रादेशिक प्रवासासाठी हायब्रिड विमान बनवणारी, बोइंग आणि जेटब्लू यांचा पैसा असलेली झुनम एअरो त्याआधीच पैशाअभावी बसली होती. दुसरीकडे प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाने जुन्या डॅश ८-१०० विमानावर वेगळी वाट धरली. एक मेगावॅटचं इंजिन आणि एक मेगावॅटची मोटर मिळून एकच पंखा फिरवायचा. उड्डाण करताना आणि चढताना मोटरने हात द्यायचा, म्हणजे इंजिन लहान ठेवता येतं आणि ते आपल्या सोयीच्या वेगाने चालतं. उद्दिष्ट तीस टक्के इंधन वाचवण्याचं. हार्टनेही २०२४ मध्ये पुन्हा आराखडा बदलला. जनित्रं गेली, त्यांच्या जागी दोन विद्युत मोटरी आणि दोन स्वतंत्र टर्बोप्रॉप इंजिनं आली. म्हणजे आता इंजिन थेट पंखा फिरवणार, मध्ये विजेचा वळसा नाही. स्टेपनी डिकीतून निघून चाकांच्या रांगेत आली म्हणा ना.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेवेच्या हँगरमध्ये त्यांनी पूर्ण आकाराचं प्रात्यक्षिक विमान उघडं केलं, बत्तीस मीटर पंखविस्ताराचं. मी फोटोच पाहिले, पण बसने वीस मिनिटांवर असं काही उभं आहे या विचाराने त्या आठवड्यात माझं कामात लक्ष नव्हतं.

आता लाजिरवाणा भाग. त्या कंपनीत अर्ज करायचा म्हणून मी तीनदा कागदपत्रं तयार केली. बॅटरीच्या उरलेल्या ऊर्जेचा अंदाज हेच माझं काम, आणि विमानाला तेच हवं. तिन्ही वेळा पाठवलं नाही. कारणं सगळी खरी होती. शैक्षणिक कर्ज नुकतंच फिटलं होतं, लगेच कुडाळच्या घराचं छप्पर काढलं होतं. माझा इथला परवाना नोकरीला बांधलेला, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे नोकरी गेली तर तीन महिन्यांत दुसरी शोधायची नाहीतर देश सोडायचा. नवी कंपनी, विमान अजून उडालेलं नाही, पैसा गुंतवणूकदारांचा. मी एक्सेलच्या शीटमध्ये माझा राखीव साठा मांडायचे. सहा महिन्यांचा खर्च. मग वाटायचं, आठ तरी हवा. मग बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन धरून बारा.

२०२५ मध्ये कंपनीने आपला मुक्काम गोथेनबर्गहून लॉस एंजेलिसला हलवला. बातमी वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं. बरं झालं गेलो नाही. बघा, माझा हिशेब बरोबर होता. मग संध्याकाळी जेवताना घास घशाखाली उतरेना. माझा हिशेब बरोबर होता म्हणजे नक्की काय झालं होतं? मी साठ टक्के राखीव ठेवून कुठेच उडाले नव्हते. ज्या दोषावरून मी माझ्या कॉलेजच्या स्लाइडला हसत होते, तोच मी माझ्या आयुष्यात पाळत होते. साठा इतका वाढवला होता की त्यात माणूस बसायला जागा उरली नव्हती. आणि वय वाढतं तसा आतला जोर कमी होणार, साठा मात्र मी तेवढाच धरून बसणार. शंभराचे ऐंशी, चाळीसचे वीस.

यात मला फक्त माझी नोकरी दिसत नाही. मुंबई ते चिपी सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटर आहे. रस्त्याने, गणपतीच्या दिवसांत, दहा-बारा तास धरूनच चालायचं. आकाशातून हे अंतर हायब्रिडच्या टप्प्यात येतं, निव्वळ बॅटरीच्या नाही. छोट्या गावांना जोडणाऱ्या विमानसेवेचं आपल्याकडे काय झालं ते सरकारी कागदावरच आहे. २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेतलं पहिलं विमान उडालं. कॅगच्या २०२३ च्या अहवालानुसार, योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सवलतीची तीन वर्षं संपल्यावरही चालू राहिले असे मार्ग मार्च २०२३ पर्यंत ५४.

कारणं अनेक आहेत, पण एक यंत्राचं आहे. वीस-तीस आसनांचं विमान उडवायला वैमानिक तेवढेच लागतात, देखभाल जवळजवळ तेवढीच, आणि तिकिटं मात्र कमी. म्हणूनच तशी विमानं जगभर संपत गेली. स्वीडनच्याच साबने तीस-पस्तीस आसनांच्या साब ३४० चं उत्पादन १९९९ मध्ये थांबवलं. मग छोट्या गावाला सत्तर आसनी विमान पाठवायचं, ते भरत नाही, अनुदान संपलं की फेरी बंद. विजेचा खर्च इंधनापेक्षा कमी, मोटरमध्ये फिरणारे भाग कमी, म्हणून छोटं विमान पुन्हा परवडेल, हा या सगळ्या खटाटोपामागचा खरा जुगार आहे. पर्यावरण त्याच्या जोडीला. तेही स्वीडनमध्ये जास्त खरं, कारण तिथली वीज बहुतेक पाण्याची, अणूची आणि वाऱ्याची. आपल्याकडे सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशाची. चिपीला विमान चार्जिंगला लावलं, तर धूर चंद्रपूरला निघेल. ते बदलेल तेव्हा बदलेल. पण सावंतवाडीच्या पेशंटला मुंबईच्या डॉक्टरकडे एका दिवसात जाऊन परत येता यावं, याची किंमत नुसत्या कार्बनमध्ये मोजता येत नाही.

हायब्रिडला लोक तडजोड म्हणतात. मला आता तसं वाटत नाही. पूर्ण बॅटरीच्या विमानाचं चित्र काढणारी मी बावीस वर्षांची मुलगी उतरता न येण्याचा दिवस धरतच नव्हते. नंतरची मी तेवढाच दिवस धरून बसले. हायब्रिडचे आराखडे काढणारे लोक दोन्ही गोष्टी एकदम धरतात. वाईट दिवस येणार हे मान्य, पण त्याची तयारी हलकी असली पाहिजे, नाहीतर चांगल्या दिवशी कुणाला नेणार? त्यांचं विमान उडेल की नाही, मला माहीत नाही. बरेच उपक्रम बंद पडले, आणखी पडतील. पण प्रश्न त्यांनी योग्य विचारला आहे.

गेल्या महिन्यात एका कंपनीला अर्ज पाठवला. विमानाच्या बॅटरीच्या चाचण्यांचं काम आहे, पगार आत्तापेक्षा कमी. एक्सेलमध्ये राखीव साठा चार महिन्यांवर आणला आणि शीट बंद केली. अजून उत्तर आलेलं नाही. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “हवा बघितलंस?” म्हणजे जुनं काम विसरू नकोस, परतायची वाट चालू ठेव. बघितली आहे.

तर त्या दिवशी चिपीला. वीस मिनिटं घिरट्या घालून आम्ही पुन्हा एकदा खाली आलो. पुन्हा पांढरं, पुन्हा तोच आवाज, पुन्हा वर. मग वैमानिकाने मोपाला, गोव्याला नेलं. उतरून फोन चालू केला तर बाबांचा एकही मिस्ड कॉल नाही. मीच लावला. ते गाडी चालवत होते.

“बाबा, आम्ही गोव्याला—”

“ठावक असा. बांद्याच्या फुडे इलंय.”

बाहेर पावसात आमची जुनी मारुती उभी राहिली तेव्हा मी विचारलं, तुम्हाला कळलं कसं? चिपीला तर कुणी काही सांगितलं नव्हतं. म्हणाले, “उतारताना आवाज बारीक होता. ह्यो दोनदा मोठो झालो. म्हटलां, गेला गोव्याक.” आणि दुसरा आवाज मोठा झाल्याबरोबर त्यांनी गाडी वळवली होती.

काकांना पिंगुळीला सोडायचं ठरलं. ते मागे बसले, मिठाईचा खोका मांडीवर घेऊन. गाडी सुरू झाली तसे पुढे वाकले आणि बाबांना म्हणाले, “पेट्रोल असा मा?”

“सकाळीच फुल्ल केलंय,” बाबा म्हणाले. “गोव्याक जावचा लागला तर म्हणान.”